मुलांनो, चला लुंबिनीला! पण आधी कागद काढा

"आजी, लुंबिनी कोणत्या राज्यात आहे गं?" पाचवीतल्या आमच्या मुलाने अभ्यास करता करता विचारले. आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तिकडं गयेकडं असंल बिहारात." दर बुद्धपौर्णिमेला विहारात आजी लुंबिनीचे नाव ऐकत आली. भिंतीवरच्या तसबिरीत शालवृक्षाखाली उभी असलेली महामाया तिने हजार वेळा पाहिली. पण लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परदेशात आहे, हे तिला अडुसष्टाव्या वर्षी नातवाच्या नकाशाने सांगितले. ती थोडी खजील झाली. मग म्हणाली, "परदेशात म्हंजे आपल्याला काय दिसतंय आता!"

वाचकहो, त्या एका वाक्याने आमच्या घरात सहलीचा विषय निघाला. आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ वन रूम किचनमध्ये राहतो. घरात पाच माणसे. घरचा एक पगार भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यातला, दुसरी मिळकत घरच्या शिलाई मशीनवरची. परदेशची सहल म्हटल्यावर शेजारीपाजारी हसले. "गावी जायला एस.टी.चे पैसे जमत नाहीत आणि निघाले परदेशी!" आम्हीही हसलो. पण मुलांनी वही काढली, तेव्हा लक्षात आले की हसण्यासारखे यात काही नाही. नेपाळला जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. विमान लागत नाही. आगगाडी, बस आणि शेवटी आपले दोन पाय, एवढ्यावर सरहद्द ओलांडता येते.

मसूर स्टेशनची आठवण

व्हिसा म्हटले की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन आठवते. त्यातला पहिलाच प्रसंग मुलांच्या सुटीतल्या सहलीचा आहे, हे आपण कधी ध्यानात घेतले आहे का? साल १९०१. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, म्हणजे आमच्या मुलाएवढे. उन्हाळ्याच्या सुटीत भाऊ व भाच्यांबरोबर ते सातारहून नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांकडे निघाले. नवे कपडे शिवले होते, टोप्या घेतल्या होते, आगगाडीत बसण्याचा आनंद होता. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी एक जण तयार झाला, पण मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. सोबत डबा होता, पण प्यायला पाणी मिळाले नाही. त्यामुळे मुले उपाशीच झोपली.

हा प्रसंग आम्ही मुलांना वाचून दाखवला. मुलगी अकरावीत आहे. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्यांची सहल तिथंच संपली. आपण आपली नीट करू." तिच्या या वाक्याने आमचा निर्णय झाला.

पुढे बाबासाहेब बौद्ध देशांत हिंडले. १९५० साली ते श्रीलंकेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशाला गेले. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असतानाही ते माईसाहेबांसह काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आजीचे वडील त्या वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर होते. म्हणून मुलीने हट्ट धरला की लुंबिनीबरोबर काठमांडूही पाहायचे.

कागद हीच पहिली पायरी

सहल आखायची म्हणजे आधी तिकीट काढायचे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. आधी कागद काढायचे असतात.

नेपाळला जाताना १५ ते ६५ वयाच्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र मूळ स्वरूपात असावे लागते. या वयाच्या माणसाला नुसते आधार कार्ड पुरत नाही, आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक इथेच फसतात. पंधरा वर्षांखालील मुले आणि ६५ च्या पुढची वडीलधारी माणसे यांना मात्र वय व ओळख पटवणारा फोटोसहितचा कागद, जसे आधार कार्ड, चालतो. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांनी ठराविक नमुन्यात दिलेले ओळखपत्र नेता येते. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

आमच्या घरात या सगळ्या वयांची माणसे निघाली. आजीचे आणि मुलाचे काम आधार कार्डावर भागले. मुलीसाठी प्राचार्यांकडे अर्ज दिला. खरी अडचण मुलांच्या आईची होती. तिचे निवडणूक ओळखपत्र माहेरच्या नावाचे आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या गावच्या पत्त्यावरचे. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण बदल करायला आम्हाला सवड झाली नव्हती. म्हणजे या घरातली एक मतदार अठरा वर्षे आपल्या राहत्या जागी मत न देताच राहिली होती! नाव आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ चा अर्ज भरला. तो अर्ज मुलीने स्वतः भरला, आईने सही केली. नवे कार्ड हातात आले त्या दिवशी आजीने ते उलटसुलट करून पाहिले. आजीची स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती. "आमच्या वक्ताला कागद कोण इचारत होतं?" ती म्हणाली.

सहल झाली नाही तरी ही एक गोष्ट पदरात पडली, असे आम्हाला त्या दिवशी वाटले. प्रत्येक घराने सहलीच्या निमित्ताने आपली कागदपत्रे एकदा तपासावीत. सगळ्यांच्या कागदांवर नाव एकसारखे आहे का, हे पाहावे.

मुलांच्या वहीतला मार्ग

मार्ग आखण्याचे काम आम्ही मुलांवर सोपवले. मुंबईहून गोरखपूरला लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्स्प्रेस जाते आणि बांद्रा टर्मिनसहून अवध एक्स्प्रेस. प्रवास तीस तासांहून जास्त. मुलांनी कुशीनगर एक्स्प्रेस निवडली, कारण गाडीच्या नावातच तथागतांच्या महापरिनिर्वाणाचे ठिकाण आहे. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते. मुलाने स्वतःहून जाहीर केले, "मी आजीच्या पायाशी झोपीन."

गोरखपूरहून कुशीनगर पन्नासेक किलोमीटर. तेथील सहा मीटर लांबीची निर्वाणमुद्रेतील बुद्धमूर्ती पाहून परत गोरखपूर. मग नव्वदेक किलोमीटरवर सोनौली. तेथील कमानीखालून पायी चालत नेपाळात जायचे. मुलांना सगळ्यात मोठे साहस हेच वाटते आहे. पलीकडे पाऊल टाकले की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे. शंभर भारतीय रुपयांचे तिथे एकशे साठ नेपाळी रुपये होतात. हिशेबाची जबाबदारी मुलाकडे आहे. किंमत ऐकली की ती १.६ ने भागायची, हा त्याचा सध्याचा खेळ. सोबत शंभरच्या व त्याखालच्या नोटा भरपूर ठेवाव्यात, कारण मोठ्या भारतीय नोटांवर तिथे बरीच वर्षे बंदी होती.

भैरहवाहून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. इ.स.पू. २४९ च्या सुमारास सम्राट अशोक तेथे स्वतः आला आणि त्याने शिलास्तंभ उभारला. ही जागा काळाच्या ओघात विस्मरणात गेली होती. १८९६ साली स्तंभावरचा लेख उजेडात आला आणि बुद्धाच्या जन्मस्थानाचा दगडी पुरावा जगापुढे आला. बुद्ध इथे जन्मले म्हणून अशोकाने या गावाचा कर कमी करून आठव्या हिश्शावर आणला, असे त्या लेखात आहे. हे ऐकून मुलाने विचारले, "म्हणजे घरपट्टी कमी केली?" होय बाळा, जवळजवळ तसेच! मुलगी आता ब्राह्मी अक्षरे शिकते आहे. स्तंभासमोर उभे राहून 'बुध' ही दोन अक्षरे स्वतः वाचायची, असा तिचा निश्चय आहे.

लुंबिनीत देशोदेशीचे विहार आहेत. पूर्वेकडे थेरवादी परंपरेचे, पश्चिमेकडे महायानी, मध्ये लांबलचक कालवा. परिसर मोठा असल्याने भाड्याची सायकल सोयीची. कोरियन विहारात यात्रेकरूंची राहण्या-जेवणाची साधी सोय होते. मायादेवी मंदिरात फोटो काढायचा नाही, पादत्राणे बाहेर ठेवायची, मोठ्याने बोलायचे नाही. हे नियम मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर तिलौराकोट. सिद्धार्थाने ज्या कपिलवस्तूचा त्याग केला, तिचे हे अवशेष, असे नेपाळातले पुराणवस्तू संशोधक मानतात. आपल्या उत्तर प्रदेशातील पिप्रहवा हेच कपिलवस्तू, असे मानणारेही आहेत. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात. शंका विचारायला तथागतांनीच शिकवले आहे.

काठमांडूकडे जाताना सौराहाला एक रात्र थांबायचे, चितवनच्या जंगलाकाठी थारू लोकांचे नृत्य पाहायचे. काठमांडूत बौद्धनाथचा प्रचंड स्तूप पाहायचा आणि स्वयंभू स्तूपाच्या ३६५ पायऱ्या चढायच्या. आजी म्हणते, "मी खाली बसंन, तुम्ही वरून हात करा."

भीती लपवू नये

आजी एका गोष्टीला घाबरते. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील प्रवाशांची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक जीव गेले. त्याआधी जुलैमध्ये दरड कोसळून दोन बसेस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. ही भीती खोटी नाही. म्हणून आम्ही नियम केले. पावसाळ्यात जायचे नाही. डोंगरातला प्रवास रात्री करायचा नाही. म्हणूनच सौराहाचा मुक्काम ठेवला. पाऊस पडू लागला तर काठमांडू सोडून द्यायचे आणि लुंबिनीतच राहायचे. मुलीला हे पटायला दोन दिवस लागले, पण पटले.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचे आंदोलन पेटले, सरकार पडले, काठमांडूचा विमानतळही बंद ठेवावा लागला. तेव्हा निघण्याआधी आठवडाभर बातम्या पाहाव्यात आणि परिस्थिती बरी नसेल तर बेत पुढे ढकलावा. दिवाळीच्या सुटीत हवा चांगली असते, पण तिकडे दसैं आणि तिहार या सणांमुळे बसगाड्या भरलेल्या असतात. सणाचे दिवस ओसरल्यावर सरहद्द ओलांडावी.

आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी. नेपाळातही जातिभेद आहे. तिथे कायद्याने अस्पृश्यता बंद आहे, तरी दलित समाज तिथेही झगडतो आहे. बुद्धाच्या जन्मभूमीत सगळे आलबेल असेल, अशा समजुतीत मुलांना नेऊ नये.

पैसा आणि वर्ष

खरे तर आम्ही मागच्याच वर्षी जाणार होतो. पण मुलीची दहावी होती, क्लासची फी भरायची होती. भिशी लागली ती फीमध्ये गेली. मुलगा रुसला. मुलगी म्हणाली, "माझ्यामुळे राहिलं." आम्ही दोघांनाही जवळ बसवून सांगितले की शिक्षण आधी, सहल नंतर, आणि यात कोणाचाही दोष नाही. सहलीसाठी कर्ज काढायचे नाही, दागिना मोडायचा नाही, हे त्याच दिवशी ठरले.

मग एक डबा ठेवला. रोज पन्नास रुपये. महिन्याला दीड हजार, अठरा महिन्यांत सत्तावीस हजार. यंदाच्या भिशीचे पंचवीस हजार त्यात घातले. पाच माणसे, चौदा दिवस, साधा मुक्काम, साधे जेवण, असा आमचा अंदाज पन्नास हजारांच्या आत बसतो. त्यातले दहा हजार आजारपणासाठी वेगळे, त्यांना हात लावायचा नाही. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरचीच.

एवढेही जमत नसेल तर नुसते कुशीनगर आणि लुंबिनी करावे, आठ-नऊ दिवसांत होते. तेही जमत नसेल तर नकाशा तरी भिंतीवर लावावा. आमच्या घरात तो शिलाई मशीनच्या वर लावला आहे. मुलाने मीरा रोडपासून लुंबिनीपर्यंत तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली आहे.

परवा आजीने त्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "ह्या कमानीखालनं चालताना कोण आडवणार न्हाई ना रे?" नातू म्हणाला, "नाही आजी. आपल्याकडं कागद आहेत." आजीने आपले आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लुगड्यांच्या घडीत ठेवले आहे. ते तिथेच आहे की नाही, हे ती रोज एकदा पाहते.

जयभीम!