मनगटावरचा नाका

गेल्या उन्हाळ्यांत महाबळेश्वरास जातांना घाटांत माझ्या नातीला ओकारी येऊं लागली. शेजारच्या एका बाईंनीं स्वतःचा पट्टा काढून तिच्या मनगटावर चढविला. पट्ट्याच्या आंतून एक बटण होतें. तें मनगटाच्या वळीपासून तीन बोटें वर दाबून बसलें. मुलीला बरें वाटलें. तें पट्ट्यानें कीं घाट संपल्यानें, हें मी सांगूं शकत नाहीं. पण नेमकी तीच जागा कां, हा प्रश्न माझ्यांतल्या जुन्या मास्तराला स्वस्थ बसूं देईना.

चिनी वैद्यकांत त्या जागेस ‘नेइग्वान’, म्हणजे आंतला नाका, म्हणतात. त्यांच्या मतें शरीरांत ‘ची’ नांवाची शक्ति बारा मुख्य मार्गांनीं वाहते. त्यांतील एक हृदयावरणाचा. हृदय हा राजा. आवरण हा देवडीवरील पहारेकरी, बाहेरचा घाला आधीं स्वतः सोसणारा. हा मार्ग छातीवर स्तनाग्राच्या किंचित् बाहेर निघतो आणि दंडाच्या आंतल्या बाजूनें कोपराची वळ, मनगट व तळहात ओलांडून मधल्या बोटाच्या टोंकाशीं संपतो. त्यावर प्रत्येक बाजूस नऊ बिंदु आहेत. तळहातांतल्या बिंदूचें नांव ‘श्रमाचा महाल’! नांवें ठेवण्यांत हे लोक मोठे रसिक.

मोजण्याचें माप ‘त्सुन’, म्हणजे रोग्याच्याच अंगठ्याची रुंदी. आपल्या आयुर्वेदांतही ज्याचें त्याचें अंगुल हेंच माप असल्यानें ही रीत आपणांस परकी वाटूं नये. कोपरापासून मनगटापर्यंत बारा त्सुन. त्यांपैकीं दोन वर, दोन स्नायुरज्जूंच्या मधोमध, हा नाका. मूठ वळून मनगट आंत वाकवा, त्या दोऱ्या उठून दिसतील.

आतां एक गंमत पाहा. १९७३ सालीं चांगशा शहराजवळ मावांगत्वै येथील थडग्यांत रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सांपडले. थडगें ख्रिस्तपूर्व १६८ सालचें. त्या ग्रंथांत मार्ग अकराच आहेत, आणि नसलेला बारावा मार्ग नेमका हृदयावरणाचा! तो पुढें ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथांत येतो. म्हणजे हा नकाशा माणसांनीं हळूहळू रेखिला. शवविच्छेदनांत असा मार्ग कोणास दिसलेला नाहीं.

मार्ग दिसला नाहीं, तरी हा एक बिंदु परीक्षेस उतरला आहे. बेलफास्टचे प्राध्यापक जॉन डंडी यांनीं १९८६ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. २०१५ सालीं कॉक्रेन संस्थेनें ५९ चांचण्या एकत्र तपासल्या, रुग्ण साडेसात हजारांहून अधिक. लटक्या उपचारापेक्षां या बिंदूच्या उपचारानें मळमळ व वांती कमी झाली. मात्र पुरावा फार भक्कम नाहीं, असेंही त्यांनींच नमूद केलें. याच बिंदूवर छातींतील कळ व धडधड यांचेही उपचार सांगितलेले आहेत. त्यांस असा आधार मानूं नये. पट्टा प्रवासांत खुशाल बांधावा. छातींत कळ आली तर आधीं डॉक्टर गांठावा.

हें मी उगाच सांगत नाहीं. माझे एक शेजारी कळ येत असतां अर्धी रात्र हाच नाका दाबीत बसले होते. पुस्तकांत तो हृदयासाठीं दिला होता. पहाटे इस्पितळांत नेलें तेव्हां झटका येऊन गेल्याचें कळलें. ते वांचले, पण जिना चढतांना अजून मध्येंच थांबतात.