रंगाआधी गडद-फिकट बघा



आमच्या गटाने पहिली गोधडी शिवली तेव्हा रंगांची सगळी हौस भागवून घेतली. मधोमध आठ पाकळ्यांचं मोठं फूल बसवलं. पाकळ्या लाल, भोवतीची जमीन हिरवी. महिनाभर हाताने धावदोरा घातला. प्रदर्शनात दिवेलागणीला एका बाईंनी ती उलगडून पाहिली आणि विचारलं, "यात नक्षी कुठे आहे?" आम्ही बोट ठेवून फूल दाखवलं. मग चार पावलं मागे सरकून स्वतः पाहिलं, तर फूल खरंच दिसेना. गोधडी घडी घालून परत आणली.

लाल आणि हिरवा हे रंग वेगळे, मग नक्षी हरवली कशी? उत्तर मिळालं अंबरनाथच्या शिवमंदिरात. हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं, तिथल्या शिलालेखात शके 982 म्हणजे इसवी सन 1060 असा काळ आहे. सगळं मंदिर काळ्या दगडाचं. तरी भिंतीवरची प्रत्येक मूर्ती उठून दिसते. आम्ही वही-पेन्सिल घेऊन चितारायला बसलो तेव्हा कळलं, की आपण तिथे रंग बघतच नाही. उंच भागावर ऊन पडतं, खोबणीत सावली राहते, आणि त्या दोहोंतून आकार दिसतो. दारातली रांगोळीही अशीच. सारवलेली जमीन गडद, रेघ पांढरी, म्हणून ती लांबून दिसते.

आमचा लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद होते. उजेड कमी झाला की डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, गडद-फिकट तेवढं कळतं. तांबडा तर संध्याकाळी लवकर काळपट दिसू लागतो. म्हणून फूल जमिनीत मिसळून गेलं.

तेव्हापासून आम्ही शिवायच्या आधी तीन कामं करतो.

पहिलं, कापडाचे तीन ढीग: गडद, मध्यम आणि फिकट. रंग कोणता हे विसरायचं. शंका आली तर डोळे अर्धे मिटून बघायचं, किंवा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायचा. फोटोत दोन तुकडे एकसारखे दिसले तर ते शेजारी-शेजारी लावायचे नाहीत.

दुसरं, वहीत नऊ घरांचा चौकोन काढायचा, तीन उभी आणि तीन आडवी. गडद घर पेन्सिल दाबून भरायचं, फिकट घर कोरं ठेवायचं. चार कोपरे कोरे ठेवून बाकीची पाच घरं भरली तर अधिकचं चिन्ह उठतं. चार कोपरे आणि मधलं घर भरलं तर फुली उठते. दोन्हीकडे पाच गडद, चार फिकट. कापड तेवढंच लागलं, नक्षी मात्र बदलली. वहीत चुकलं तर खोडता येतं, कापड एकदा कापलं की कापलं.

तिसरं, तुकडे जमिनीवर मांडून संध्याकाळी लांबून बघायचं. मगच सुई हातात घ्यायची.

आपल्याकडे कापडाला तोटा नाही. उल्हासनगरात जीन्सचं शिवणकाम मोठं, त्याची कतरण निघते. जीन्समध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. सुलट बाजूला निळा जास्त दिसतो, उलट बाजूला पांढरा. म्हणजे एकाच तुकड्यात गडद आणि फिकट दोन्ही मिळतात, तुकडा उलटवला की झालं. मात्र कतरण आधी धुवून घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग लागला तर पुन्हा धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात फिकट तुकडे निळे होतील.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या छावणीला 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधमध्ये जुन्या कापडाच्या तुकड्यांची रल्ली शिवतात. ती आपल्या गोधडीची बहीणच म्हणा ना! पांढऱ्याशेजारी लाल किंवा काळा ठेवायची तिची रीत बघण्यासारखी आहे. शेजारी कुणा सिंधी आजींकडे रल्ली असेल तर जरूर बघून या.

आमच्या पहिल्या गोधडीच्या चार पाकळ्या आम्ही उसवल्या आणि तिथे फिकट पिवळ्या जुन्या साडीचे तुकडे लावले. उरलेल्या चार लालच ठेवल्या. आता बदलापूरच्या बैठकीत आम्ही तीच अंथरतो. संध्याकाळ झाली की चार पाकळ्या दिसतात, चार दिसत नाहीत. टाके दोन्हीकडे सारखेच आहेत, मेहनतही तितकीच. नव्या ताईला एवढं दाखवलं की ती आपणहून पेन्सिल मागते.