उभी मोटार

पुण्यात १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या आलिशान मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांतली एखादी आजही फार थोडे किलोमीटर चाललेली आढळते. ‘कमी चालली म्हणजे नवीच!’ असे पाहणाऱ्याला वाटते. पण ते खरे आहे का?

यंत्र वापराने झिजते, तसे ते पडून राहिल्यानेही बिघडते. बंद मोटारीतही घड्याळ वीज घेत असते. त्यामुळे बॅटरी हळूहळू उतरते. जुने पेट्रोल चिकट होते व बारीक नळ्या तुंबतात. टायरांचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात.

सर्वांत मोठा धोका ब्रेकचा असतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. असे तेल फार तापले की त्यातील पाण्याची वाफ होते. तेल दबत नाही, पण वाफ दबते. म्हणून पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. यासाठी मोटार चालो वा न चालो, साधारणपणे दर २ वर्षांनी हे तेल बदलावे.

मग मोटार कशी ठेवावी? जागा कोरडी असावी. वर सुती आवरण घालावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते व पत्रा गंजतो. टायरांत पुरेशी हवा भरावी. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मोटार अर्धा तास रस्त्यावर चालवावी. जागच्या जागी ५ मिनिटे इंजिन सुरू ठेवून भागत नाही. ते पुरेसे तापत नाही व आत जमलेले पाणी उडून जात नाही.

म्हणून जुनी मोटार घेताना ती किती चालली, एवढेच विचारू नये. तिची निगा कशी राखली, हेही विचारावे.