गणिताच्या पार्श्वभूमीविना एमसीए

संगणक उपयोजन पदव्युत्तर पदवी (रूढ नाव: मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स, संक्षेप: एमसीए) हा भारतातील दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. विज्ञान, वाणिज्य वा कला शाखेच्या पदवीधरांना संगणकशास्त्राकडे वळण्याचा तो एक प्रमुख औपचारिक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये अशा अभ्यासक्रमांना ‘कन्व्हर्जन मास्टर्स’ म्हणतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एमसीआयटी हा अभ्यासक्रमही याच प्रकारचा आहे. बारावीस वा पदवीस गणित न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशपात्रता आणि प्रत्यक्ष अभ्यास हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे उभे राहतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दहावीपर्यंत गणित अनिवार्य असते. अकरावीपासून ते सोडता येते. वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने जीवशास्त्र गट घेणारे, तसेच वाणिज्य व कला शाखेतील अनेक विद्यार्थी ते सोडतात. त्यामुळे सोळाव्या वर्षी केलेल्या निवडीचा परिणाम पदवीनंतरच्या वाटांवर होतो.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. विद्यापीठाची संगणकशास्त्र प्रशाळा जळगाव येथे आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूर हेही एमसीए शिक्षणाचे एक केंद्र आहे.

पात्रता

एमसीए पूर्वी तीन वर्षांचा होता. शैक्षणिक वर्ष २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. त्या वेळच्या निकषांनुसार बीएस्सी, बीकॉम वा बीए पदवीधराने बारावीस किंवा पदवीस गणित घेतलेले असणे आवश्यक होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०२४-२७ या कालावधीच्या मान्यता पुस्तिकेत ही अट शिथिल झाली. कोणत्याही शाखेची पदवी ग्राह्य धरण्यात आली व गणितास केवळ प्राधान्य राहिले. पदवीस किमान ५० टक्के (राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के) गुण लागतात. गणित न घेतलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने वा संस्थेने आखलेला सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

पात्रता मिळाली म्हणून प्रवेश निश्चित होत नाही. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमसीए परीक्षेत तार्किक क्षमता, इंग्रजी व संगणक संकल्पनांबरोबर गणित व संख्याशास्त्रावरही प्रश्न असतात, आणि गुणवत्ता यादी त्या गुणांवर ठरते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील एमसीएसाठीच्या ‘निमसेट’ या परीक्षेस पदवी स्तरावर गणित वा संख्याशास्त्र हा विषय आवश्यक मानला जातो. म्हणजेच एक दार उघडले, तरी सर्व दारे उघडलेली नाहीत.

आवश्यक गणिताचे स्वरूप

एमसीएतील गणित प्रामुख्याने विविक्त गणित असते: तर्कशास्त्र, संच, संबंध, फलन, मोजणीची तत्त्वे व आलेख सिद्धांत. त्यासाठी कलनशास्त्राची पूर्वतयारी सहसा लागत नाही; पायरीपायरीने युक्तिवाद करण्याची सवय मात्र लागते.

उदाहरणार्थ, अकारविल्हे लावलेल्या १,००० नावांच्या यादीत एक नाव शोधायचे आहे. प्रत्येक वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाद केली, तर जास्तीत जास्त १० तुलना पुरतात. कारण २ चा दहावा घात १,०२४ होतो. तसेच जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या गावांना बिंदू व रस्त्यांना रेषा मानल्यास आलेख तयार होतो. डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने त्यातील सर्वांत जवळचा मार्ग केवळ बेरीज व तुलना करून काढता येतो. ही रीत अचूक का ठरते, हे सिद्ध करणे मात्र गणिताचे काम आहे.

या विषयाचे खानदेशाशी जुने नाते आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकपाश हे प्रकरण क्रमपर्याय व मोजणीविषयी आहे, हाच विषय आज विविक्त गणितात शिकवला जातो.

यंत्रशिक्षण व विदाविज्ञान या शाखांत स्थिती वेगळी आहे. तेथे रेषीय बीजगणित, संभाव्यता व कलनशास्त्र लागते. संकेतस्थळ विकसन, विदासंच व्यवस्थापन व आज्ञावली चाचणी या कामांत त्यांची गरज तुलनेने कमी असते.

पूर्वतयारी

प्रवेशापूर्वी दहावीचे बीजगणित, अकरावी-बारावीतील संच, क्रमपर्याय-संचय, संभाव्यता व सारणी ही प्रकरणे आणि एखादी आज्ञावली भाषा यांचा अभ्यास उपयुक्त ठरतो. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके ‘बालभारती’च्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ‘स्वयम्’ व ‘एनपीटीईएल’ या मंचांवर विविक्त गणिताचे अभ्यासक्रम उपलब्ध असतात. सेतू अभ्यासक्रम मुख्य अभ्यासक्रमाबरोबरच चालत असल्यास पहिल्या सत्रात दुहेरी भार पडतो. तो हलका करण्यासाठी ही तयारी आधी करणे हिताचे असते.