हिब्रू स्वरांकन व लिप्यंतर

हिब्रू व्यंजनांच्या वर, खाली वा मध्ये बिंदू व रेषा योजून उच्चार दर्शविण्याच्या पद्धतीस स्वरांकन (निक्कुद) म्हणतात. तोच मजकूर अन्य लिपीत उतरविणे म्हणजे लिप्यंतर होय. हिब्रू ही सेमिटिक भाषा असून तिच्या लिपीत २२ व्यंजनाक्षरे आहेत. वाव, योद यांसारखी काही अक्षरे दीर्घ स्वरही सुचवितात. तथापि देवनागरी व्यंजनाप्रमाणे हिब्रू अक्षरात अंगभूत ‘अ’ नसतो.

बहुतेक हिब्रू शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. क-त-ब (लिहिणे) या धातूपासून ‘कातव’ (त्याने लिहिले), ‘कोतेव’ (लिहिणारा) आणि ‘मिख्ताव’ (पत्र) असे शब्द होतात. धातूची व्यंजने कायम राहतात; स्वर व उपसर्ग यांमुळे अर्थ पालटतो.

उच्चारपरंपरा टिकावी म्हणून इ. स. सातव्या ते दहाव्या शतकांत मॅसोरीट पंडितांनी स्वरचिन्हे निश्चित केली. पवित्र संहितेच्या अक्षरांस धक्का न लावता ती जोडता आली. टायबीरियस, पॅलेस्टाइन व बॅबिलन येथील तीन पद्धतींपैकी टायबीरियसची पद्धती रूढ झाली. तीत अक्षराखालील आडवी रेघ ‘पताह’ हा अ-स्वर दर्शविते, तर ‘श्वा’ हे दोन उभ्या बिंदूंचे चिन्ह कधी अतिऱ्हस्व स्वर, तर कधी स्वराभाव सुचविते. अक्षरातील ‘दागेश’ या बिंदूमुळे ‘व’चा ‘ब’ व ‘ख’चा ‘क’ होतो. सिनॅगॉगमध्ये वाचावयाच्या तोराच्या गुंडाळीत मात्र स्वरचिन्हे नसतात.

लिप्यंतरात उच्चार व रचना यांपैकी एकाची निवड करावी लागते. ‘कातव’ व ‘मिख्ताव’ या रूपांत क व ख भिन्न दिसतात. मुळात अक्षर एकच आहे. म्हणून शास्त्रीय रोमन लिप्यंतरात दोहोंसाठी एकच अक्षर योजून घर्षक उच्चार अधोरेखेने दाखवितात. आलेफ व आयिन यांसाठीही स्वतंत्र चिन्हे असतात. ती गाळल्यास ‘वाचणे’ व ‘फाडणे’ या अर्थांचे दोन भिन्न धातू ‘कारा’ असे सारखेच दिसतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न मराठी मातृभाषा असलेल्या कोकणातील बेने इझ्राएल समाजाच्या उपासनेशी निगडित आहे. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. हिब्रू संहिता व मराठी भाषांतर असलेली हगादा १८४६ मध्ये मुंबईस व १८७४ मध्ये पुण्यास छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. देवनागरी लिप्यंतराने प्रार्थना म्हणता येते. परंतु धातू ओळखण्यास स्वरांकित मूळ संहितेचाच आधार घ्यावा लागतो.