पडदा कोणी पाडला?

गल्लीतलं शहर : भाग अकरावा

पुण्यात मंडईला गाडीवरून जाणाऱ्यांना दोन वाहनतळ पाठ असतात, आर्यन आणि मिनर्व्हा. आर्यन कोण, असं तिथं पावती फाडणाऱ्या पोराला विचारलं, तर कुणा नगरसेवकाचा नातू असेल, असं तो सांगायचा. ही दोन्ही सिनेमा थिएटरं होती. आर्यन १९१५ साली गंगाधरपंत पाठकांनी सुरू केलं. सिनेमा तंबूतून पक्क्या इमारतीत आला, तो पुण्यात इथंच. १९८३ मध्ये आर्यन पाडलं. लक्ष्मी रस्त्याच्या टोकाचा चौक कागदोपत्री लोकमान्य टिळक चौक आहे, पण विसर्जन मिरवणुकीच्या बातमीतसुद्धा तो अलका टॉकीज चौकच असतो. डेक्कनला नटराज होतं, तिथं आता मॉल आहे. त्याआधी ते हिंदविजय होतं, हे सांगणारी माणसं अजून भेटतात, आणि ती भेटली की तासभर तरी सुटका नसते.

अशा गप्पांचा शेवट ठरलेला असतो. "टीव्ही आला आणि सगळं संपलं." मल्टिप्लेक्सवर राग असलेला टीव्हीच्या जागी मल्टिप्लेक्स म्हणतो, नातवावर राग असलेला मोबाइल म्हणतो. यातलं खोटं काहीच नाही. मात्र तारखा लावून पाहिल्या, तर हिशेब जुळत नाही. तो कुठं चुकतो, हे पाहायला गिरगावासारखी दुसरी जागा नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. आज त्याबद्दल आदरानं बोललं जातं. त्या वेळच्या जाहिरातीत मात्र हरिश्चंद्राच्या जोडीला मिस आयरीन डेलमारचा नाच होता, विनोदी नकला होत्या आणि पायांवर वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटूही होता. निव्वळ सिनेमा बघायला कोणी पैसे मोजेल, याची थिएटरवाल्यांना तेव्हा खात्री नव्हती. ती पटायला फार दिवस लागले नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेल्याचं सांगतात. तिकिटाचा काळाबाजार हा बोलपटाच्याच वयाचा आहे म्हणायचा. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि सिनेमा मराठीत बोलायला लागला, तोही मॅजेस्टिकमध्येच. १९३६ च्या डिसेंबरात सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' लागला आणि ५७ आठवडे चालला. गिरगावातल्या चाळींत राहणाऱ्या माणसाला यातल्या कुठल्याही थिएटरला जायला ट्राम लागत नव्हती. रात्रीचं जेवण उरकून, खांद्यावर उपरणं टाकून तो चालत जाई.

मॅजेस्टिकच्या आसऱ्यानं केशवराव कोठावळे यांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि दुकानाला शेजारच्या सिनेमाचंच नाव लागलं. मॅजेस्टिक म्हटलं की आज मराठी वाचकाला पुस्तकं आठवतात. सिनेमा आठवणारे थोडेच राहिले.

आता तारखा. मॅजेस्टिक पाडलं १९७२ साली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे टीव्हीनं मॅजेस्टिकला मारलं म्हणावं, तर टीव्ही त्या वेळी पाळण्यात होता. पुढं १५ ऑगस्ट १९७५ ला लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात 'शोले' लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ उतरलाच नाही. त्यातली पहिली तीन वर्षं रोजच्या खेळांना, नंतर मॅटिनीला. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरत आणि पडद्याला ओवाळत. घरात टीव्ही असण्याचा काळ सुरू झाला होता, आणि थिएटरांचा सुवर्णकाळही तोच होता. दोन्ही एकाच वेळी खरं.

मग मॅजेस्टिकचं काय झालं? त्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली. उत्तर तिथंच आहे. गिरगावात जमिनीचा भाव इतका वाढला, की अंधारात खुर्च्या मांडण्यापेक्षा उजेडात गाळे विकणं फायद्याचं ठरलं. हे सूत्र मुंबईत पुढं पन्नास वर्षं लागू पडत गेलं. दादरला कोहिनूर होतं. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' तिथून हटवून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटत होतं, तेव्हा शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि मराठी सिनेमाला पडदा मिळाला. ही कथा मुंबईच्या राजकारणाच्या इतिहासात जाऊन बसली आहे. कोहिनूरच्या जागी आज नक्षत्र मॉल आहे. कोहिनूर उठलं तेव्हा कोणी रस्त्यावर आल्याचं ऐकिवात नाही.

गिरणगावाची गोष्ट थोडी निराळी. लालबाग-परळची थिएटरं गिरणीच्या भोंग्यावर चालत. पहिली पाळी दुपारी सुटली की दुपारचा खेळ भरे, आणि पगाराच्या आठवड्यात खिडकीवर हाणामारी होई. लालबागचं भारतमाता तर गिरणीच्याच जमिनीवर उभं राहिलं. गावाकडं बायकापोरं ठेवून खानावळीत जेवणाऱ्या, एका खोलीत पंधरा-वीस जणांनी पाळीपाळीनं झोपणाऱ्या माणसाला तीन तास पंख्याखाली बसायची हक्काची जागा म्हणजे थिएटर. पडद्यावर काय चाललंय, याला दुय्यम महत्त्व. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. पगार थांबला, माणसं गावाला गेली. या भागातल्या थिएटरांचा प्रेक्षक कुठल्याही दुसऱ्या करमणुकीनं पळवला नव्हता. त्याचं कामच गेलं होतं.

त्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले, टीव्ही रंगीत झाला आणि पाठोपाठ व्हीसीआर आला. इथं मात्र घरच्या पडद्याचा दोष मान्य करायला हवा. चाळीत वर्गणी काढून, रात्रभराच्या भाड्यानं व्हीसीआर आणून लागोपाठ तीन पिक्चर बघण्याचे दिवस आले. नव्या सिनेमाची चोरटी कॅसेट गल्लीत शुक्रवारीच मिळे. बाल्कनीतला मध्यमवर्ग घरी बसला, स्टॉलमधला कामगार गावी गेला. राहिली कॉलेजची पोरं आणि उन्हाळ्यात एसीत झोप काढायला येणारे विक्रेते. त्यांच्यावर हजार खुर्च्यांचं थिएटर चालत नाही.

हजार खुर्च्या, हेच खरं दुखणं. मिनर्व्हासारखी थिएटरं बांधली गेली, तेव्हा सिनेमा पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव आणि पन्नासला सुवर्णमहोत्सव, असा हिशेब होता. मुंबईत वितरक थिएटरला आठवड्याचं ठरलेलं भाडं देई आणि गल्ल्यातून आपला नफा काढी. सिनेमा जोरात चालला तर मालकाची चैन होत नसे, भाडं ठरलेलंच. पण सिनेमा पडला तरी भाडं मिळे. ही व्यवस्था तोवर चालली, जोवर वितरकाला एका मोठ्या थिएटरची गरज होती. पुढं प्रती वाढल्या. एकच सिनेमा शहरभर एकदम लागू लागला आणि वर्षभराची कमाई पहिल्या तीन दिवसांत काढायची रीत पडली. मग सोमवारी दुपारी हजार खुर्च्यांत चाळीस डोकी, आणि वीज मात्र हजारांची. हॉल अर्धा गार करता येत नाही.

मल्टिप्लेक्सनं नेमकं हे दुखणं ओळखलं. दोन-अडीचशे खुर्च्यांचे चार-पाच पडदे ठेवले, की चालणारा सिनेमा मोठ्या पडद्यावर, पडलेला छोट्यावर सरकवता येतो. त्यात सरकारचा हातभार लागला. मुंबईत करमणूक कर ४५ टक्क्यांपर्यंत होता. २००१ च्या धोरणानं नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षं त्यातून सूट मिळाली. गल्लीतल्या जुन्या थिएटरला ती नव्हती. स्वस्त तिकीट विकणाऱ्यानं कर भरायचा आणि महाग विकणाऱ्याला माफी, असा हा न्याय. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा करमणूक कर त्यात विरला, पण तोवर कित्येकांनी कुलपं लावली होती.

कुलपं लावली, पण इमारती उभ्याच. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा ग्रँट रोडवरून जाताना वर्षानुवर्षं बंद असलेली, भिंतीतून पिंपळ फुटलेली थिएटरं दिसत आली आहेत. एवढी मोलाची जागा मालकानं अशी का पडू द्यावी? याचं कारण विकास नियमावलीत सापडतं. चित्रपटगृहाची जागा नव्यानं बांधायची असेल, तर जुन्याच्या एक तृतीयांश तरी आसनांचं थिएटर नव्या इमारतीत ठेवायचं, असा नियम. हेतू चांगला होता, शहराची करमणुकीची जागा जाऊ नये हा. झालं असं, की ज्या धंद्यात तोटा म्हणून मालक बाहेर पडत होता, त्याच धंद्यात तिसऱ्या हिश्श्यानं अडकून राहायची अट आली. काहींनी वरच्या मजल्यावर पडदे काढून ती पाळली. ज्यांचा भूखंड चिंचोळा, भागीदार अनेक आणि दावे कोर्टात, त्यांनी नुसतं कुलूप राखलं. ही अट काढावी, ही मालकांची जुनी मागणी आहे. ती मान्य झाली तर बंद थिएटरं भराभर पडतील, नाही मान्य झाली तर हळूहळू पडतील. वाचवण्याचा हेतू असलेल्या नियमानं वाचवलं काहीच नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

वाचली ती वेगळ्याच कारणांनी. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं. गोंडलच्या राजघराण्याची मालकी, मूळची १९११ ची वास्तू आणि जागतिक वारसा संस्थांचं लक्ष, म्हणून २०१६ मध्ये ते दुरुस्त होऊन उघडलं. पण आता तिथं संगीत आणि नाटकाचे कार्यक्रम होतात. रोज तीन खेळांचं, खालच्या वर्गाच्या शिट्ट्यांचं थिएटर ते राहिलं नाही. मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ पासून दाखवत आलं, त्याचं कौतुक प्रेमकथेच्या खाती जमा होतं. थोडं श्रेय एसटी स्टँडलाही द्यायला हवं. समोर स्टँड, मागं रेल्वे, हातात पिशवी आणि गाडीला चार तास. अशा प्रवाशाला स्वस्त तिकिटाची गार जागा मिळत असेल, तर पडद्यावर कोण कुणाच्या मागं धावतंय हे त्यानं का विचारावं?

थिएटर बंद पडलं की बातमीत मालकाचं नाव येतं आणि शेवटच्या सिनेमाचं. दादरचं चित्रा २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं, तेव्हाही तसंच झालं. बातमीत न येणारा माणूस म्हणजे ऑपरेटर. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट सरकते. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा हजार फुटांहून जास्त फिल्म, दोन हजार फुटांच्या रिळात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. म्हणून खोलीत दोन यंत्रं असत. एकावरचं रीळ संपत आलं, की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं, आणखी एक ठिपका दिसला की झडप बदलायची. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या जळत, आणि त्या झिजतील तसं मधलं अंतर हातानं सांभाळावं लागे. लक्ष गेलं की पडदा पिवळा पडे, आणि खालून ऑपरेटरच्या घराण्याचा उद्धार होई. एका प्रतीवर दोन थिएटरं चालवायची असली, की पहिल्याकडचं दाखवून झालेलं रीळ सायकलवरून दुसऱ्याकडं जाई. वाटेत चाक पंक्चर झालं, तर दुसऱ्या थिएटरात मध्यंतर लांबे आणि बटाटेवडे जास्त खपत.

पुढं सिनेमा उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून येऊ लागला आणि दहा-बारा वर्षांत रिळं गेली. जुन्या थिएटरांना नवं यंत्र भाड्यानं घ्यावं लागलं. त्या भाड्याचा बोजा वेगळा, आणि जाहिरातींचं उत्पन्न यंत्र देणाऱ्या कंपन्यांशी वाटून घ्यायचं ते वेगळं. ऑपरेटरच्या हाताला काम उरलं नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीनं सगळीच थिएटरं बंद केली. राज्यात ती त्या नोव्हेंबरात उघडली, पुन्हा बंद झाली आणि नीट उघडायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडला. दीड वर्ष बंद राहून वीजबिल, मालमत्ता कर आणि परवाना शुल्क भरणाऱ्या एकपडदा मालकांपैकी काहींनी मग दार उघडण्याचा विचारच सोडला. ज्यांनी उघडलं, त्यांनी खुर्च्या कमी केल्या, बाल्कनी बंद ठेवली आणि सकाळचा खेळ भोजपुरीला दिला. मुंबईच्या ज्या गल्ल्यांत आता गिरणी कामगाराच्या जागी टॅक्सीवाला आणि हमाल राहतो, तिथं हा खेळ भरतो.

(पुढील भागात : जत्रेतले तंबू टॉकीज आणि ट्रकवरचा प्रोजेक्टर)