पेन ड्राइव्हमधलं लिनक्स, लॅपटॉपला धक्का न लावता

सोलापुरातल्या माझ्या चुलत बहिणीला मैत्रिणीकडून १६ जीबीचा एक पेन ड्राइव्ह मिळाला. त्यात बॉस लिनक्स होतं, म्हणजे सी-डॅकने डेबियनवर बनवलेली आणि मराठीतही चालणारी भारतीय सिस्टीम. पण घरात लॅपटॉप एकच, त्यावरच तिचा प्रोजेक्ट आणि भावाच्या परीक्षेच्या नोट्स. "दादा, विंडोज न उडवता हे बघता येईल का?" येतं की! व्हर्च्युअल मशीन वापरायचं.

आधी एक सांगतो: आयएसओ फाइल हातात असेल तर ती थेट व्हर्च्युअलबॉक्सला जोडा आणि हा लेख इथेच सोडा. फक्त पेन ड्राइव्हच असेल किंवा तो बूट होतो का हेच तपासायचं असेल, तरच पुढचा उद्योग.

अडचण अशी की व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या बायोसला यूएसबीवरून बूट होणं जमत नाही. म्हणून आपण त्याला थोडं फसवतो. एक छोटीशी व्हीएमडीके फाइल बनवायची. तिच्यात डेटा नसतो, फक्त पत्ता असतो: "खरी डिस्क तिकडे आहे." मशीनला वाटतं, ही आपली हार्ड डिस्कच.

हा पत्ता म्हणजे डिस्कचा नंबर, आणि सगळा धोका इथेच आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ०, डिस्क १ असे नंबर दिसतात. शून्य बहुतेक वेळा तुमची विंडोजवाली डिस्क असते. पण १ म्हणजे पेन ड्राइव्हच, असं धरून चालू नका. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असलेल्या लॅपटॉपमध्ये १ वर दुसरंच काही निघेल. साइज बघा. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह तिथे साधारण १४-१५ जीबी दिसतो. नंबर चुकला आणि आत इन्स्टॉल दाबलं, तर भावाच्या नोट्स गेल्याच म्हणून समजा.

कमांड प्रॉम्प्ट आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. व्हीएमडीके बनवायची कमांड व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये रॉ हार्ड डिस्कच्या भागात आहे. त्यात फाइलचं नाव आणि डिस्कचा नंबर तेवढा आपला टाकायचा. परवानगीची एरर आली तर डिस्क मॅनेजमेंटमधून पेन ड्राइव्हचं ड्राइव्ह लेटर काढून पुन्हा करा. मग नवीन मशीन बनवताना "आधीची डिस्क वापरा" हा पर्याय निवडून ही फाइल द्या. लॅपटॉपची रॅम ८ जीबी असेल तर मशीनला २ ते ४ जीबी पुरे. पेन ड्राइव्ह यूईएफआयसाठी बनवलेला असेल तर सेटिंगमध्ये ईएफआय चालू करा. मशीन सुरूच होत नसेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड आहे का पाहा. नसेल तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागेल.

चाललं म्हणजे खऱ्या लॅपटॉपवरही वायफाय आणि टचपॅड चालेलच असं नाही, कारण आतल्या लिनक्सला तुमचं खरं हार्डवेअर दिसतच नाही. स्पीडवरूनही मत बनवू नका.

आणि पेन ड्राइव्ह ओढून काढण्याआधी मशीन बंद करा. उद्या पुन्हा लावाल तेव्हा नंबर आधी तपासा, तो बदललेला असू शकतो. फाइलमधला पत्ता मात्र जुनाच राहतो, आणि त्या नंबरवर तेव्हा फोटोंची एक्स्टर्नल हार्ड डिस्क बसलेली असू शकते.